आलेलं बोलणं जातं तेव्हा

गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभं राहून मूल ‘नारळ, तोरिंजन, आंबाडे’ असं बोट दाखवून सांगत होतं. यंदा ते वर बघतही नाही. पाणी हवं असलं की हात धरून ओढतं, चड्डी पुन्हा ओली होऊ लागलीय. अशी मुलं आमच्या फोंड्याच्या, मुलांना मागायला-सांगायला शिकवणाऱ्या केंद्रात येतात, तेव्हा सोबतची आजी हमखास म्हणते, ‘हट्टी झालाय.’

हा हट्ट नव्हे. निदान दोन वर्षं नीट वाढलेल्या मुलाचं बोलणं, माणसांत मिसळणं, खेळ, शी-शूवरचा ताबा, हातापायांच्या हालचाली यांतल्या दोन तरी गोष्टी दहाव्या वर्षाच्या आत गेल्या, तर तो हेलर सिंड्रोम असू शकतो. बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरुवात होते. व्हिएन्नातले शिक्षणतज्ज्ञ थिओडोर हेलर यांनी १९०८ मध्ये अशा सहा मुलांविषयी लिहिलं. २०१३ च्या डीएसएम-५ ने (मनोविकारांची अमेरिकी निदान-पुस्तिका) हा विकार ऑटिझममध्येच धरला, म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘ऑटिझम’ दिसलं तर गोंधळू नका. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. लस किंवा आईची नोकरी हे कारण नव्हे.

विकार फार विरळ आहे, म्हणूनच आधी बाकीच्या शक्यता तपासायच्या. लांडाव-क्लेफ्नर या मेंदूविकारात फिट दिसतेच असं नाही, तरी मेंदूतल्या विद्युत गडबडीने भाषा जाते. ही गडबड झोपेतल्या ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) पकडता येते आणि त्यावर औषधं आहेत. मुलींत रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचाही विचार होतो. कानांची तपासणी हवीच. तेव्हा आमच्याकडे नाव घालण्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ गाठा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा तुम्हाला सोयीचं असेल तिथे. (धंद्याच्या हिशेबाने हे छापणं शहाणपणाचं नाही, पण असो.) देवळात गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, फक्त त्यापायी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

जाताना मोबाइलमधले जुने व्हिडिओ तारखांसकट न्या: वाढदिवस, चवथ, अंगणवाडीतला नाच. ‘आधी छान बोलायचा’ यापेक्षा वीस सेकंदांची क्लिप डॉक्टरांना जास्त सांगते.

गेलेलं सगळं परत येईल, असं आम्ही सांगणार नाही. काही मुलांचे थोडे शब्द परततात, काही चित्र दाखवून मागायला शिकतात. त्यासाठीची कार्डं आम्ही तुमच्याच घरच्या स्टीलच्या पेल्याचा, तुमच्याच बादलीचा फोटो काढून बनवतो. छापील पुस्तकातला पेला मुलाच्या ओळखीचा नसतो.

पहिल्या भेटीला आजीलाही आणा. दिवसभर मूल तिच्याकडेच असतं, कार्डं तिलाच वापरायची आहेत.