एका मताच्या वाट्याला किती जबाबदारी येते?

७ मे २०१८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी जाहीर केले की, मेक्सिकोच्या सीमेवरून बेकायदा आत येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर यापुढे फौजदारी खटला भरला जाईल आणि सोबत मूल असेल तर ते मूल तिच्यापासून वेगळे केले जाईल. परवानगीशिवाय सीमा ओलांडणे हा अमेरिकी कायद्यात आधीपासूनच किरकोळ स्वरूपाचा गुन्हा होता. मात्र लेकराबाळांसह आलेल्या कुटुंबांवर त्या कलमाखाली सरसकट खटले भरले जात नव्हते. आता आईबापांना फौजदारी कोठडीत नेले जाऊ लागले आणि कोठडीत मुलांना ठेवता येत नसल्यामुळे ती ‘पालक सोबत नसलेली बालके’ म्हणून दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात जाऊ लागली. ५ मे ते ९ जून या सुमारे पाच आठवड्यांत अशी २,३४२ मुले वेगळी झाल्याचे सरकारनेच सांगितले. १८ जूनला ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने सीमा गस्ती दलाच्या एका केंद्रात झालेले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यात एल साल्वाडोरची सहा वर्षांची एक मुलगी मावशीला फोन लावा म्हणून पुन्हा पुन्हा विनवते आहे, आणि मावशीचा नंबर तिला तोंडपाठ आहे. दोनच दिवसांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून हे धोरण थांबवले. २६ जूनला सॅन दिएगोचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत आणि उरलेली ३० दिवसांत पालकांकडे परत देण्याचा हुकूम दिला.

तो हुकूम पाळताना आणखी एक गोष्ट उघड झाली. कोणते मूल कोणत्या पालकाचे, हे सांगणारी एकत्रित नोंद कोणत्याच खात्याकडे धडपणे नव्हती. कर्मचाऱ्यांना हजारो मुलांच्या फायली हाताने चाळाव्या लागल्या आणि नाते पडताळण्यासाठी लहानग्यांच्या डीएनए चाचण्या कराव्या लागल्या.

या सगळ्याला जबाबदार कोण, या प्रश्नाच्या उत्तरात सेशन्स, ट्रम्प आणि अंमलबजावणी करणारे अधिकारी अर्थातच येतात. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांना मत देणाऱ्या सुमारे ६ कोटी ३० लाख नागरिकांचे काय? एका बाजूला ‘तुम्हीच निवडून दिलेत, आता भोगा’ असे म्हटले जाते आणि दुसऱ्या बाजूला ‘माझ्या एका मताने काय होणार होते’ असे. राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र यांतील काही संशोधकांनी या प्रश्नाचे तुकडे पाडून ते मोजण्याचा प्रयत्न केला आहे आणि त्यांच्या हिशेबापुढे ही दोन्ही वाक्ये टिकत नाहीत.

‘एका मताने काय होते’ या वाक्यापासून सुरुवात करू. अँड्र्यू गेलमन, नेट सिल्व्हर आणि आरन एडलिन यांनी अमेरिकेच्या २००८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी एक मत निर्णायक ठरण्याची शक्यता काढली. देशभराची सरासरी सुमारे ६ कोटींत १ आली. न्यू मेक्सिको किंवा व्हर्जिनियासारख्या चुरशीच्या राज्यांत ती १ कोटीत १ होती. हाच आकडा जबाबदारीचे माप मानला, तर कोणताही मतदार कशालाच जबाबदार उरत नाही. कोट्यवधींनी मिळून एखादी गोष्ट केली, पण त्यांतल्या एकानेही ती केली नाही, असा हा निष्कर्ष आहे. तो चुकीचा असल्याचे आपल्याला जाणवते. मात्र नेमके कुठे चुकते ते सांगण्यासाठी वेगळे गणित लागते.

ते गणित हाना चॉकलर आणि जोसेफ हालपर्न या संगणकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडले. अकरा सदस्यांच्या समितीत एखादा ठराव ६ विरुद्ध ५ असा मंजूर झाला, तर बाजूने मत देणाऱ्या सहांपैकी कोणीही एकाने मत फिरवले असते तरी ठराव पडला असता. म्हणून त्या प्रत्येकाची जबाबदारी पूर्ण, म्हणजे १. हाच ठराव ११ विरुद्ध ० असा मंजूर झाला, तर एखाद्याचे मत निर्णायक ठरण्यासाठी आधी इतर पाच जणांची मते फिरावी लागतात. तेव्हा त्याची जबाबदारी १ भागिले (५ अधिक १), म्हणजे एक षष्ठांश. जबाबदारी कमी झाली, पण शून्य झाली नाही. शिवाय ६ विरुद्ध ५ च्या निकालात सहा जणांची प्रत्येकी एक अशी बेरीज सहा होते, एक नव्हे. वडिलोपार्जित जमिनीसारखी ही वाटणी नाही; एकाचा वाटा वाढला म्हणून दुसऱ्याचा घटत नाही. टोबियास गर्स्टेनबर्ग आणि डेव्हिड लॅग्नाडो यांनी गटात खेळायच्या खेळांवर प्रयोग केले. गटाच्या अपयशाचा दोष लोक सभासदांना ढोबळमानाने याच रीतीने देतात, सरळ समान भागात नाही, असे त्यांना आढळले.

आता हे माप २०१६ च्या निकालाला लावून पाहू. अमेरिकेत अध्यक्ष देशभराच्या एकूण मतांवर नव्हे, तर राज्याराज्यांतल्या निकालांवर ठरतो. ट्रम्प मिशिगनमध्ये १०,७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियात ४४,२९२ मतांनी पुढे होते. ही बेरीज ७७,७४४ होते. म्हणजे या तीन राज्यांत योग्य ठिकाणी सुमारे ३९ हजार मतदारांनी बाजू बदलली असती, तर अध्यक्ष दुसरे झाले असते. त्यामुळे तिथल्या ट्रम्प-मतदाराचा वाटा साधारण ३९ हजारांत १ निघतो. निकालापूर्वीची शक्यता आणि निकालानंतरचा वाटा ही दोन वेगळी मापे आहेत, हे लक्षात ठेवूनही ६ कोटी आणि ३९ हजार यांतला फरक डोळ्यांत भरतो. याउलट कॅलिफोर्नियात ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन ४२ लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या. तिथल्या ट्रम्प-मतदाराच्या मनात विस्कॉन्सिनच्या मतदाराइतकाच राग किंवा तितकीच आशा असली, तरी या हिशेबात त्याचा वाटा जवळजवळ पुसला जातो.

हे विचित्र आहे, आणि या मापाचा उपयोग कुठे संपतो ते इथेच दिसते. ते कारण मोजते, मनुष्य मोजत नाही. चॉकलर आणि हालपर्न यांनाही हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी जबाबदारी आणि दोष वेगळे ठेवले. दोषाच्या हिशेबात, कृती करण्यापूर्वी त्या माणसाला काय माहीत होते आणि कोणत्या परिणामाची शक्यता त्याला किती वाटत होती, हे धरावे लागते. माझ्या मते मतदाराच्या बाबतीत सगळे वजन याच मुद्द्यावर आहे.

२०१६ च्या मतदाराला काय माहीत होते? सीमेवर भिंत बांधणार, लाखो लोकांना परत पाठवणार, मुस्लिमांना देशात येऊ देणार नाही, या ट्रम्प यांच्या उघड घोषणा होत्या. यांपैकी शेवटची डिसेंबर २०१५ मधली. यांतले काही प्रत्यक्षात आले, तेव्हा ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणण्याला जागा नव्हती. मुलांना आईबापांपासून तोडण्याची भाषा मात्र प्रचारात नव्हती. अंतर्गत सुरक्षा खात्याचे तत्कालीन मंत्री जॉन केली यांनी तसा विचार चालू असल्याचे मार्च २०१७ मध्ये, निवडणुकीनंतर चार महिन्यांनी, दूरचित्रवाणीवर सांगितले. त्याच वर्षी टेक्सासमधील एल पासोच्या परिसरात हे धोरण आधी गाजावाजा न करता राबवूनही पाहण्यात आले होते.

त्यात मत एक आणि प्रश्न अनेक. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणून ५२ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्थेचे नाव घेतले आणि १३ टक्क्यांनी स्थलांतराचे. त्याच चाचणीत ७० टक्के मतदार म्हणाले की, देशात कागदपत्रांविना काम करणाऱ्यांना कायदेशीर दर्जा मिळवण्याची संधी द्यावी. २५ टक्क्यांना त्यांना परत पाठवायचे होते. त्या ७० टक्क्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ट्रम्प यांनाच मत दिले होते. गणित करून पाहिले तर त्यांच्या मतदारांपैकी जवळपास निम्मे स्थलांतराच्या या कळीच्या मुद्द्यावर त्यांच्याशी असहमत होते, असे निघते. एकच मत अनेक धोरणांच्या गाठोड्याला द्यावे लागते, तेव्हा त्या गाठोड्यातल्या एका वस्तूला मतदाराची संमती होती असे म्हणणे हा तर्कदोष ठरतो. मात्र ती वस्तू गाठोड्यात दिसत असतानाही आपण ते उचलले, एवढे त्याच्या नावावर राहतेच.

अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये दाखवले होते की, आपल्या मताने फरक पडण्याची शक्यता नगण्य असेल, तर धोरणांचा बारकाईने अभ्यास न करणे मतदाराच्या दृष्टीने तर्कसंगतच असते. अज्ञानाचे स्पष्टीकरण म्हणून हे मला पटते, सबब म्हणून नाही.

माहिती मिळाल्यावर काय झाले, हे जास्त बोलके आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले त्याच दिवशी, १८ जून २०१८ रोजी, क्विनिपिॲक विद्यापीठाची जनमत चाचणी आली. मुले वेगळी करण्याला ६६ टक्के मतदारांचा विरोध होता आणि २७ टक्क्यांचा पाठिंबा. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांत मात्र ५५ टक्के बाजूने आणि ३५ टक्के विरोधात होते. दोन वर्षांपूर्वी ज्या धोरणाचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, त्याला आता त्यांच्यातल्या बहुमताची संमती होती. राज्यशास्त्रज्ञ गेब्रिएल लेन्झ यांनी वेगवेगळ्या देशांतील आकडेवारीवरून दाखवले आहे की, लोक अनेकदा धोरण पाहून नेता निवडत नाहीत. नेता आधी निवडतात आणि मग त्याचे धोरण आपलेसे करतात. हे खरे असेल, तर ‘जनतेने कौल दिला म्हणून आम्ही हे करतो’ असे सरकार म्हणते तेव्हा कौलाचा बाण पुष्कळदा उलट्या दिशेने गेलेला असतो. याने मतदाराचा भार हलका होतो असे मला वाटत नाही. मतदानाच्या दिवशी त्याला माहीत नव्हते. जूनमध्ये पाठिंबा देताना त्याने त्या मुलांचा आवाज ऐकला असण्याची शक्यता होती, आणि धोरण तर नक्कीच ठाऊक होते.

समाज म्हणून मतदार प्रतिक्रिया देतात, हेही तितकेच खरे. क्रिस्टोफर व्लेझिएन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खर्चाविषयीच्या जनमताचा अभ्यास करून ते थर्मोस्टॅटसारखे, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रासारखे, वागते असे मांडले: सरकार एका दिशेला फार गेले की लोकांची मागणी उलट दिशेला सरकते. स्थलांतराबाबत गॅलप या जनमत संस्थेच्या चाचण्यांत हे ठळक दिसते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस, २०२० मध्ये, स्थलांतर कमी करा म्हणणारे २८ टक्क्यांवर आले आणि वाढवा म्हणणारे ३४ टक्के झाले. असे पहिल्यांदाच घडले होते. बायडेन यांच्या काळात सीमेवरची गर्दी वाढली आणि २०२४ मध्ये कमी करा म्हणणारे ५५ टक्के झाले. ट्रम्प परतल्यावर, २०२५ च्या मध्यात, ते पुन्हा ३० टक्क्यांवर घसरले. तीच माणसे, तोच देश, पाच वर्षांत दोन वळणे. पण या यंत्रणेला तापमान कळते, अन्याय कळत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रातिनिधिक सभागृहातले बहुमत गमावले, पण त्या निवडणुकीतही मतदारांचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न आरोग्यसेवा हा होता.

२०२४ मध्ये गोष्ट बदलली होती. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी हद्दपारी मोहीम राबवू, असे रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलेले होते आणि पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी तशा मागणीचे फलक उंचावत होते. त्या वेळी ट्रम्प यांना मिळालेल्या ७ कोटी ७० लाखांहून अधिक मतांना ‘माहीत नव्हते’ ही सोय नाही. दोषाच्या त्या गणितात ज्ञात शक्यता वाढली की दोषही वाढतो, आणि २०१६ व २०२४ ची मते सारखीच दिसली तरी सारख्या वजनाची राहत नाहीत.

तरीही सगळे त्यांच्याच माथी मारता येत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले; त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. प्रवासात त्यांना बेड्या घातल्या होत्या, यावरून आपल्याकडे संताप उसळला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितले की, विमानातून परत पाठवताना बंधने घालण्याची ही कार्यपद्धती २०१२ पासून लागू आहे. २०१२ म्हणजे ओबामांचा काळ. लष्करी विमान हा नव्या सरकारचा देखावा असेल, पण बेड्यांचा नियम ओबामा, ट्रम्प आणि बायडेन या तिघांच्याही मतदारांच्या डोळ्यांआड चालत आला होता. ज्या धोरणावर कधी वादच झाला नाही, त्याची जबाबदारी कोणत्या निवडणुकीवर टाकायची, याचे उत्तर वरच्या कोणत्याही सूत्रात नाही.

आणि ज्यांच्यावर हे धोरण कोसळते, त्यांना मत नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा पुण्याच्या आणि न्यू जर्सीच्या अनेक मराठी घरांत रात्रभर फोन चालले. त्यांतल्या व्हिसावरच्या कोणालाही या निर्णयावर मत देता आले नव्हते. त्यांच्याच गणेशोत्सवाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या, नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला मात्र ते देता आले होते.

कुटुंबे वेगळी करण्याच्या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये न्यायाधीश सॅब्रॉ यांनी तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार, काही अपवाद सोडता, केवळ बेकायदा प्रवेशाच्या गुन्ह्यासाठी पालकांना मुलांपासून वेगळे करण्यास आठ वर्षे मनाई आहे. ती मुदत डिसेंबर २०३१ मध्ये संपेल, म्हणजे नोव्हेंबर २०२८ मध्ये निवडून येणाऱ्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत. त्या दिवशी मतदान केंद्रात जाणाऱ्या मतदाराला २०१६ च्या मतदाराइतके अनभिज्ञ असता येणार नाही.