उगवती सत्ता आणि विचारसरणी
एखादा देश सैन्य, पैसा, कारखाने यांच्या जोरावर वर यायला लागला की त्याला बाहेर नुसता धाक पुरत नाही, लोकांची संमती पण लागते, आणि ती मिळवून देते विचारसरणी. धाकाने ऐकणारे संधी मिळताच पाठ फिरवतात, पण "हे आपल्याच बाजूचे आहेत" असं एकदा वाटलं की तिथली माणसं स्वतःहून कामाला लागतात. इटलीचे मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी यांनी वर्चस्वाचा विचार असाच मांडला होता, म्हणजे बळ आणि संमती दोन्ही धरून.

हे नीट कळतं हो ची मिन्ह यांच्या उदाहरणावरून, म्हणजे तेव्हा फ्रान्सची वसाहत असलेल्या व्हिएतनामचे पुढे नेते झालेले. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जानेवारी १९१८ मधे चौदा मुद्दे मांडले, त्यांची स्वयंनिर्णयाची, म्हणजे लोकांनी आपलं राज्य आपणच ठरवावं अशी, भाषा वसाहतींमधे भराभर पसरली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या १९१९ च्या शांतता परिषदेच्या वेळी पॅरिसमधे राहणाऱ्या या तरुणाने व्हिएतनामी लोकांच्या आठ मागण्यांचा अर्ज दिला. मागण्या अगदी साध्या होत्या, वृत्तपत्र स्वातंत्र्य वगैरे, पूर्ण स्वातंत्र्य तर मागितलंच नव्हतं. हाती काहीच लागलं नाही. त्याच परिषदेत चीनच्या शांतुंग भागातले जर्मनीचे हक्क जपानला दिले गेले आणि ४ मे ला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९२० मधे हो यांनी वसाहतींच्या प्रश्नावरचं लेनिनचं लिखाण वाचलं, त्या डिसेंबरमधे ते फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते आणि १९२३ ला थेट मॉस्कोत. तेव्हा सोव्हिएत रशिया यादवीने पार मोडकळीला आलेला, देण्यासारखं फार काही नव्हतं, तरी माणसं तिकडे ओढली गेली कारण वसाहतीतल्या माणसाला तिथे जागा होती. आणि तरीही २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत हो यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ओळींनीच सुरू केली, म्हणजे विचार दुसऱ्याच्या हातात गेला की त्यावर मूळ मालकाचा ताबा राहत नाही.

विचारसरणी बोलणाऱ्यालाच बांधून पण ठेवते. जपानने "आशिया आशियाई लोकांचा" म्हणत नोव्हेंबर १९४३ मधे टोकियोत मोठी परिषद भरवली, पण कोरिया १९१० पासून त्यांच्याच ताब्यात होता आणि जिंकलेल्या प्रदेशातली वागणूक लोक रोज बघत होते. जपाननेच ट्रेनिंग दिलेले ब्रह्मदेशचे आँग सान मार्च १९४५ मधे सैन्यासह जपानवरच उलटले.

विचार एक म्हणून हितसंबंध एक होतात असंही नाही, १९६० मधे सोव्हिएत संघाने चीनमधले आपले तज्ज्ञ परत बोलावले आणि फेब्रुवारी १९७९ मधे कम्युनिस्ट चीनने कम्युनिस्ट व्हिएतनामवर हल्ला केला.

आजचा चीन क्रांती निर्यात करत नाही, २०१३ पासून बेल्ट अँड रोड या आपल्या योजनेतून इतर देशांना रस्ते, बंदरं आणि कर्ज देतो, म्हणून त्याला विचारसरणीच नाही असं बरेच जण म्हणतात. ते पटण्यासारखं नाही. "आधी विकास, प्रत्येकाचा मार्ग वेगळा, कुणी कुणाच्या घरात डोकावू नये" ही पण विचारसरणीच आहे, फक्त ती रस्त्यावरच्या आंदोलकांना नाही तर सत्तेत बसलेल्यांना उद्देशून आहे.