भिशीचा हप्ता आणि आरडीचा हप्ता

दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि मुदतीनंतर एकरकमी पैसे घ्यायचे, एवढ्या साम्यामुळे भिशी आणि आवर्ती ठेव, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आरडी, या दोन्हींना घरोघरी सरसकट ‘बचत’ म्हटले जाते. “महिन्याला हजार रुपये बाजूला पडतात” असे सांगणारीचे पैसे पोस्टात पडतात की शेजारच्या वहिनींच्या डब्यात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. जिचा हात मुळातच आखडता आहे तिचे या गोंधळामुळे फारसे बिघडत नाही. मात्र मिळकत बेताची आणि हातात आलेली नोट टिकत नाही अशी स्थिती असेल (मी स्वतः याच पंक्तीतली), तर हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

भिशीचा हिशेब सोपा आहे. बारा जणींनी दरमहा १,००० रुपये काढले की दर महिन्याला १२,००० रुपये जमतात आणि चिठ्ठीत जिचे नाव निघेल ती ते घेऊन जाते. पहिल्याच महिन्यात जिचा नंबर लागला तिने हजार भरून बारा हजार उचलले. उरलेले अकरा हजार तिला पुढचे अकरा महिने फेडायचे आहेत. म्हणजे तिच्यापुरती ही बचत नव्हेच, बिनव्याजी उसनवारी आहे. शेवटचा नंबर लागलेलीने मात्र खरोखर बचत केली, पण तिच्या पैशाचे व्याज इतरांनी वापरले. बोलीच्या भिशीत हा तोटा काही अंशी भरून निघतो, कारण ज्याला घाई असते तो कमी रकमेवर भिशी उचलतो आणि त्याने सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. आणि घाई नेहमी कोणाला असते, हे खर्चीक माणसाला वेगळे सांगायला नको.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे ६० हप्त्यांची असते आणि ती महिना १०० रुपयांपासून उघडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के झाला. त्या दराने दरमहा १,००० रुपये भरले तर ६०,००० रुपयांचे सुमारे ७१,३०० रुपये होतात. पोस्टातल्या ठेवीला केंद्र सरकारची हमी असते. भिशीला हमी असते ती भिशी चालवणाऱ्या बाईच्या शब्दाची. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी झालेल्या चिट कंपन्यांची गोष्ट वेगळी, पण गल्लीतली भिशी त्या वाटेला जात नाही.

व्याज आणि हमी एवढेच पाहिले तर वाद इथेच मिटतो. परंतु हात सैल असणाऱ्यांचा पैसा व्याजाच्या फरकाने जात नाही. तो दोन जागी गळतो, एकदा हप्ता भरण्याआधी आणि एकदा रक्कम हाती आल्यानंतर.

पहिली गळती भिशी जशी थांबवते तशी आरडी थांबवत नाही. पोस्टाचा हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो, म्हणजे हजाराच्या हप्त्याला अवघे दहा रुपये. एका दिवाळीच्या सुमारास मी सलग तीन हप्ते चुकवले आणि तो दंड मला रिक्षाच्या भाड्यापेक्षाही स्वस्त वाटला. चौथा चुकला असता तर खाते खंडित झाले असते, हे पासबुक भरून घ्यायला गेले तेव्हा समजले. त्याच तीन महिन्यांत भिशीचा एकही हप्ता चुकला नव्हता, कारण तिथे दंड नसला तरी अकरा जणींची तोंडे दिसतात.

दुसऱ्या गळतीच्या बाबतीत चित्र नेमके उलटे होते. आमच्या भिशीत चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवून घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला एक उचलायला लावतात, नाव वाचले जाते आणि नोटा तिथेच मोजून हातावर पडतात. माझा नंबर श्रावणात लागला. चहा होईपर्यंत एकीने साड्यांचे गाठोडे सोडले होते आणि संध्याकाळी हिशेब केला तेव्हा बारा हजारांतल्या साडेचार हजारांना पाय फुटलेले होते. बाकीचे गणपतीपर्यंत पुरले. आरडीतला पैसा असा हाती लागत नाही. तीन वर्षे होईपर्यंत खाते बंद करता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केले तर साध्या बचत खात्याचाच दर मिळतो. अगदीच नड आली तर बारा हप्ते भरल्यानंतर शिलकीच्या निम्मी रक्कम कर्जाऊ मिळते, तीही आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने, त्यामुळे साडीसाठी सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

म्हणून भरायला लावणारी भिशी आणि राखून ठेवणारी आरडी, या दोन्हींची गाठ घालणे हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बाई दारात येऊन आरडीचा हप्ता नेतात तेव्हा ही गाठ काही प्रमाणात आपोआपच पडते. दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला परत पाठवणे जड जाते. मात्र त्यांच्या कार्डावरची सही म्हणजे पासबुकातली नोंद नव्हे, तेव्हा पासबुक अधूनमधून स्वतः पाहावे.

दुसरी गाठ पोस्टाच्या नियमातच आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आरडीचे बारा हप्ते एकदम आगाऊ भरले तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे ४० रुपये सूट मिळते, म्हणजे हजाराच्या हप्त्याला ४०० रुपये. भिशीचे बारा हजार जसेच्या तसे पोस्टात नेले की वर्षभराची आरडी भरून होते, आणि भिशीचे उरलेले हप्ते शेजारणींच्या धाकाने भरले जातातच. अडचण एवढीच की आमची भिशी रविवारी असते आणि पोस्ट सोमवारी उघडते. म्हणून माझ्या नंबरच्या रात्री नोटांचे पाकीट भिशी चालवणाऱ्या वहिनींच्याच कपाटात राहते आणि सोमवारी त्या माझ्याबरोबर पोस्टापर्यंत येतात.