क्लचचं पेडल हळू दाबलं की बसतं, झटक्यात दाबलं की टिकतं, असं का?

गिअर टाकताना खर्र आवाज आला, रिव्हर्स तर पडतच नाही, की कोणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं, "क्लच प्लेट गेली". अहो, प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. गिअर पडत नाही म्हणजे क्लच सुटतच नाहीये, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये, बरोब्बर उलटा प्रकार. त्यात पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर पायाखाली हळूहळू बसत असेल तर बहुतेक प्लेटचा काही संबंध नाही, प्रेशर कुठेतरी जातंय. (हे हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचं चाललंय, केबलवाल्यांनी सोडून द्या.)

रचना साधी आहे. पेडलला दाब तयार करणारा मास्टर सिलेंडर, गिअरबॉक्सपाशी त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलेंडर, मधे पाइप आणि आत ब्रेक ऑइल. पास्कलचा नियम शाळेत झालाय, त्यामुळे सरळ आकडे घेऊ. पायाचा जोर 10 किलो, पेडलच्या लिव्हरमुळे तो पाचपट म्हणजे 50 किलो, मास्टरचा व्यास 16 मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण 2 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाब. पिस्टन 3 सेंटिमीटर सरकला की 6 घन सेंटिमीटर ऑइल पुढे ढकललं जातं. आता पाइपमधे फक्त 1 घन सेंटिमीटर हवा अडकलीय असं समजा. बॉइलच्या नियमाने (दाब जितका वाढेल तितकी हवा आकसते) ती या दाबाला जवळजवळ नाहीशी होते, 0.04 वगैरे उरते, म्हणजे पिस्टनने ढकललेल्या ऑइलचा जवळजवळ सहावा हिस्सा नुसती हवा दाबण्यात गेला. क्लच सुटायला प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी चकती) जेमतेम एक-दोन मिलिमीटर मागे यावी लागते, तिथे एवढी तूट खूप झाली.

पण हवेपेक्षा मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे मास्टरमधला रबरी कप. ऑइल कुठेही गळत नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल तसूभर कमी होत नाही, आणि तरी पेडल बसतं, हे कोडं इथे सुटतं. कपाचं तोंड दाबाच्या बाजूला असतं. पिस्टन पुढे गेला की दाब कपाच्या आत शिरून त्याची कड बाहेर फाकवतो आणि सिलेंडरच्या भिंतीवर दाबून बसवतो, म्हणजे दाब जितका जास्त तितकं सील घट्ट. सायकलच्या पंपातला चामड्याचा वॉशर याच तत्त्वावर चालतो, आणि तो वाळला की हळू पंप मारून हवा जात नाही, झटका दिला की जाते.

कप जुना होऊन कडक झाला, किंवा ऑइलने ओढून घेतलेल्या पाण्याने सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे पडले, तर कड भिंतीला नीट टेकत नाही. अशात पेडल हळू दाबलं तर ऑइल कडेच्या फटीतून मागे सरकतं, त्यामुळे दाब तयार होत नाही, दाब नाही म्हणून कड फाकत नाही, आणि कड फाकत नाही म्हणून ऑइल जातच राहतं, परत टाकीत. झटक्यात दाबलं तर एवढ्याशा फटीतून निसटायला ऑइलला वेळच मिळत नाही, दाब चढतो, कड भिंतीला चिकटते आणि क्लच सुटतो! म्हणून जोरात पाय मारून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

तेव्हा तपासायचं ते हळू. मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, ब्रेक घट्ट दाबून, इंजिन चालू ठेवून पेडल अगदी सावकाश तळापर्यंत न्या आणि पहिला गिअर टाकून बघा, मग न्यूट्रल करून तेच झटक्यात. हळू दाबल्यावर खर्र आणि झटक्यात गुपचूप पडला तर संशय मास्टरवर. दुसरी खूण, चार-पाच वेळा भराभर पंप करून दाबून धरा. पेडल वर आलं आणि तिथेच टिकलं तर पाइपमधे हवा आहे, ती काढून घ्या. वर येऊन परत बसायला लागलं तर सील. पंप केल्याने पेडल वर येतं कारण पिस्टन झपकन मागे येताना पुढे पोकळी होते आणि तोच कप आत दुमडून टाकीतलं थोडं जास्तीचं ऑइल पुढे जाऊ देतो.

टाकीत ओतली की सील "बरी करणारी" बाटलीही मिळते. रबर फुगवून चार दिवस काम चालेलही, पण गंजाचा खड्डा कुठलीच बाटली भरत नाही. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नका, ब्रेक ऑइल सहसा ग्लायकॉलच्या जातीचं असतं, खनिज तेलाने त्यातली रबरं फुगून वाया जातात.

लेव्हल खरंच उतरत असेल तर शोध सोपा. पेडलच्या दांड्याशी ओल असेल तर मास्टर, स्लेव्हच्या रबरी टोपीत ऑइल असेल तर स्लेव्ह, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) खालून ब्रेक ऑइल ठिबकत असेल तर स्लेव्ह आत बसवलेला आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणार. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, तिथे क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला काढतात, म्हणजे क्लचने ऑइल गमावलं तरी ब्रेकपुरतं खाली शिल्लक राहतं. क्लच गेलाय आणि टाकी अर्धी भरलेली दिसतेय म्हणून गळती नाही असं समजू नका.