केवडा आणि भुरी: द्राक्षबागेत फरक पाण्याचा आहे

पाऊस पडून गेला की गंधक मारायचे आणि आठवडाभर कोरडे पण ढगाळ राहिले की मोरचूद (तांब्याचा क्षार), हा उलटा कारभार द्राक्षबागांत वर्षानुवर्षे चालू आहे. गंधक भुरीचे, मोरचूद केवड्याचे; पण दोन्ही रोग पांढरे, दोन्ही दमट हवेत येतात, म्हणून औषधही एकच चालेल, अशी समजूत त्यामागे असते. दोघांना सरसकट ‘मिल्ड्यू’ म्हणायची सवय या गोंधळात भर घालते. केवडा आणि भुरी ही जुनी नावे जास्त चांगली, निदान ती दोन रोग दोन ठेवतात.

केवडा बहुतेकांना ओळखू येतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळट डाग, त्याच जागी खाली कापसासारखी पांढरी वाढ, घडावर आला तर देठ वाकडा होऊन तपकिरी पडतो. तापमान किमान १० अंश, दिवसभरात १० मिमी पाऊस आणि १० सेंमी लांबीची कोवळी फूट, हा हंगामातल्या पहिल्या लागणीचा आडाखाही सगळ्यांना पाठ असतो. त्यावर अधिक लिहीत नाही.

भुरी पाण्यावाचून येते, हे मात्र कितीही वेळा सांगितले तरी पचनी पडत नाही.

केवड्याच्या बीजाणूतून (रोग पसरवणाऱ्या बारीक कणातून) शेपटीवाले सूक्ष्म बीजाणू निघतात आणि ते पाण्यातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या बाजूला असतात, म्हणून ती बाजू काही तास ओली राहणे केवड्याला आवश्यक असते. पान कोरडे तर लागण नाही. भुरीचा बीजाणू उगवण्यापुरते पाणी स्वतःच्या पोटातच घेऊन येतो. पर्णरंध्राचीही त्याला गरज नाही, तो सरळ पानाची साल भेदतो. पानावर पाणी साचले तर उलट त्याचे नुकसानच होते: बरेचसे बीजाणू नीट उगवत नाहीत, आणि जोराचा पाऊस कितीतरी बीजाणू धुऊन नेतो. भुरीला हवे असते २० ते २७ अंश तापमान, हवेत दमटपणा आणि सावली. ३५ अंशांच्या वर तिची वाढ थांबते, आणि थेट ऊन तिला मानवत नाही. म्हणून ती मंडपावरच्या उघड्या पानांपेक्षा आत, बगलफुटींच्या (पानांच्या बगलेतून निघालेल्या फुटींच्या) दाटीत, पानांआड झाकलेल्या घडांवर आधी सापडते. पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या बागेतच भुरी घडांपर्यंत पोहोचते, कारण तिच्यासाठी कोणी आत डोकावलेलेच नसते.

आता औषधाकडे. केवडा पानाच्या आत वाढतो; आपल्याला दिसते ती पांढरी वाढ म्हणजे बाहेर आलेले बीजाणू असतात. त्यामुळे मॅन्कोझेब किंवा तांब्यासारखे स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारे) औषध पावसाच्या आधीच पानावर हवे. लागण झाल्यावर ते मारून आतल्या रोगाला काहीच होत नाही. तिथे आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारे) औषध, तेही एकदोन दिवसांतच, उपयोगी पडते. भुरी मात्र पानाच्या पृष्ठभागावर पसरते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींत शोषकमुळे रोवते. म्हणून ती दिसू लागल्यावरही गंधक किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट तिला मारू शकते. अट एकच: औषध तिच्या अंगावर पोहोचले पाहिजे. दाटी न काढता केलेली फवारणी वरच्या पानांवरच संपते.

शिवाय केवड्याचा जीव शास्त्राप्रमाणे खरी बुरशीच नाही. तो शेवाळांना जवळच्या गटातला. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांसारखी ट्रायझोल औषधे बुरशीच्या ज्या प्रक्रियेवर घाव घालतात, ती त्याच्यात नाहीच. त्यामुळे भुरीवर चालणारी ही औषधे केवड्यावर निरुपयोगी, आणि केवड्यावरची मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ भुरीवर तसेच निरुपयोगी. हे काही नवे ज्ञान नाही. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये भुरी दिसली आणि पुढे युरोपातल्या बागांनी तिच्यावर गंधक धरले. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये केवडा आला तेव्हा तेच गंधक कुचकामी ठरले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद-चुन्याचे मिश्रण पुढे आणले, तेव्हा कुठे त्यावर उपाय मिळाला.

भुरीसाठी पहिली पसंती गंधकालाच द्यावी, कारण इतक्या वर्षांतही भुरी त्याला सरावलेली नाही. ८० टक्के पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम. ते वाफेनेही काम करते, त्यामुळे १८ अंशांखाली असर कमी पडतो आणि ३५ च्या आसपास पाने-मणी करपतात. तेलाची फवारणी आणि गंधक यांत किमान दोन आठवडे अंतर ठेवा.

ओळखीबाबत शंका असेल तर पान बोटाने पुसा. भुरी राखेसारखी पुसली जाते आणि खाली तपकिरी जाळी दिसते. केवड्याचा पिवळा डाग पुसून जात नाही. फक्त पिवळा डागच असेल तर पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवा. केवडा असल्यास बहुधा सकाळपर्यंत खालच्या बाजूला पांढरे उगवते. खाली पांढरी लव आणि वर त्याच जागी फोड आलेला असेल तर तो रोग नसून कोळी ही सूक्ष्म कीड आहे, त्यावर या दोन्हींची औषधे वाया घालवू नका. (गंधक तेवढे त्यालाही चालते.)

घडाच्या बाबतीत, मणी धरल्यापासून साधारण चार आठवडे भुरीला सर्वांत सोपे असतात. त्या काळात लागण झालेली साल पुढे ताणत नाही आणि मणी मोठा होताना तडकतो. केवड्याला मणी वाटाण्याएवढे झाल्यावर आत शिरणे अवघड जाते, पण देठ त्यानंतरही धोक्यात राहतात. म्हणून पावसाच्या काळात आधी केवड्याचे औषध पानाच्या खालच्या बाजूला पोहोचवा. पाऊस थांबून ढग रेंगाळले की आतल्या बगलफुटी काढा, घड उघडे करा, आणि मग गंधक.