स्थलांतरित घरांतली मुलं आणि लठ्ठपणा (ब्रिटनमधले दक्षिण आशियाई)

भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून ब्रिटनला जाऊन राहिलेल्या घरांतल्या मुलांच्या अंगात, तेवढ्याच उंची-वजनाच्या गोऱ्या मुलांपेक्षा सरासरीने चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. काट्यावर पोरगं किडकिडीत दिसतं, पण पुढे डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका गोऱ्या मुलांपेक्षा जास्तच असतो. यातली बरीच मुलं आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली, तिथंच जन्मलेली.

मोजणी : इंग्लंडच्या सरकारी शाळांत साधारण २००५-०६ पासून दरवर्षी रिसेप्शन (४-५ वर्षं) आणि इयर सिक्स (१०-११ वर्षं) या दोन वर्गांची उंची-वजनं घेतात, बूट काढून काट्यावर उभं करतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढून तो १९९० च्या ब्रिटिश तक्त्याशी ताडतात आणि बऱ्याच ठिकाणी घरी पत्र जातं. खरी अडचण इथंच आहे. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ड्युटेरियम पद्धतीच्या मोजमापांवरून (मुलाला जड हायड्रोजन असलेलं थोडं पाणी पाजायचं, काही तासांनी लाळ तपासायची, त्यावरून अंगातलं एकूण पाणी, त्यातून बिनचरबीचं वजन, आणि उरलेली ती चरबी) असं दाखवलं की दक्षिण आशियाई मुलांच्या बीएमआयमध्ये सुमारे १.१ मिळवल्यावर चरबीचा अंदाज बरोबर येतो. १.१ हा आकडा छोटा वाटतो, पण १४० सेंमी उंचीच्या मुलात तो दोन किलोंहून थोडा जास्तच होतो. ही दुरुस्ती केली नाही तर भारतीय वंशाची कितीतरी मुलं ‘कमी वजन’ रकान्यात पडतात, आणि तसं पत्र आलं की आजी पराठ्यावर तूप वाढवणारच, तिचा काय दोष. आपल्याकडे गुटगुटीत बाळ म्हणजे खात्यापित्या घरचं, ही समजूत समुद्र ओलांडून बरोबर गेलेली आहे.

उगम : हे असं का होतं यावर वाद आहे. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली, म्हणजे दुष्काळात टिकायला चरबी साठवणारी जनुकं निवडली गेली. हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये बोट गर्भाकडे वळवलं, पोटात असताना उपासमार झाली की बाळाचं शरीर कायमचं काटकसरीला लागतं. या वादात सगळ्यात वजनदार पुरावा पुण्यातून आला. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांपासून अभ्यास सुरू केला, त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास, पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा लावून कातडीची घडी मोजली तर चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पोट, दंड, स्नायू बारीक, चरबी मात्र राखलेली. यालाच ‘थिन-फॅट’ बाळ म्हणतात. पुढे याच मुलांमध्ये आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल तर सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणं जास्त, असंही दिसलं.

जनुकवाद्यांची बाजू मात्र पूर्ण पडत नाही. सुरिनाममध्ये १८७३ पासून गेलेल्या भारतीय मजुरांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली बाळंही थिन-फॅटच निघाली. तरी गर्भातली कुपोषणाची छाप पुसायला अनेक पिढ्या लागतात, या बाजूकडे कल असणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात २००७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही पाकिस्तानी वंशाची बाळं हलकी पण तुलनेने जास्त चरबीची आढळली आणि त्यांच्या आयांमध्ये गरोदरपणातल्या डायबेटिसचं प्रमाणही जास्त होतं.

गरिबी : वंशावर बोट ठेवून गरिबी झाकली जाऊ नये. २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या सगळ्यात गरीब वस्त्यांत इयर सिक्सची ३०.२ टक्के मुलं लठ्ठ होती, सगळ्यात सुखवस्तू वस्त्यांत १३.१ टक्के. पाकिस्तानी आणि बांगलादेशी घरं या गरीब वस्त्यांत जास्त दाटीने आहेत, भारतीय घरं त्या मानाने कमी, आणि त्यांचे आकडेही वेगळे पडतात, त्यामुळे ‘आशियाई’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात कोंबणं चूक. शाळेनंतर मशिदीत दोनेक तासांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, मग अंधार, बाहेर खेळायला वेळच उरत नाही, हे ब्रॅडफर्ड-बर्मिंगहॅमकडचं रोजचं चित्र आहे. म्हणून मशिदीला बरोबर घेऊन हालचाल वाढवायचे प्रयोग तिथं झाले.

मराठी मुलं : मराठी घरातलं मूल ब्रिटनच्या फॉर्मवर ‘इंडियन’ या चौकटीत जातं, गुजराती-पंजाबी मुलांबरोबरच.