क्रिटिकल थिअरी आणि ख्रिस्ती सेमिनरी

समाजात सत्ता कोणाकडे आहे, ती टिकते कशी आणि कोणाला दाबून टिकते हे खोदून बघणारी विचारपद्धत म्हणजे क्रिटिकल थिअरी. नाव रुळलं ते जर्मन तत्त्वज्ञ मॅक्स होर्कहायमरच्या 1937 च्या निबंधातून, आणि पुढे अमेरिकेतल्या लॉ स्कूलांमधे डेरिक बेल वगैरे मंडळींनी वंशभेद कायद्यात कसा मुरलाय हे दाखवलं ती क्रिटिकल रेस थिअरी. इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द किंबर्ले क्रेनशॉचा, 1989 चा: काळी बाई कोर्टात गेली की तिचा प्रश्न ना नुसता वंशाचा ना नुसता बाईचा, दोन्हीच्या मधेच पडून राहतो.

ख्रिस्ती कॉलेजांमधलं भांडण एकाच जागी अडतं, हे नुसतं अवजार आहे की अख्खी वेगळी श्रद्धाच? सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट चर्च-संघाने जून 2019 मधे बर्मिंगहॅमच्या अधिवेशनात ठराव 9 पास केला, की अवजार म्हणून वापरा पण बायबलच्या खाली ठेवून. मग 30 नोव्हेंबर 2020 ला त्यांच्या सहाही सेमिनरींच्या (पाळक घडवणाऱ्या कॉलेजांच्या) अध्यक्षांनी सांगितलं की कुठल्याही प्रकारची क्रिटिकल थिअरी आमच्या विश्वास-घोषणेत बसत नाही. सहाही जण गोरे (हे लोकांच्या लगेच डोळ्यात आलं), आणि शिकागोचे पाळक चार्ली डेट्स यांच्यासारखे काही काळे पाळक बाहेर पडले. ही संस्था 1845 मधे गुलामांच्या मालकांची बाजू घेऊनच वेगळी झालेली, माफी मागायला 1995 उजाडलं, त्यामुळे या काळ्या पाळकांचा राग नुसता थिअरीपुरता नव्हता हे उघड आहे.

थिअरीच्या विरोधकांचा मुद्दा मात्र पोकळ नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात सगळ्यांनीच पाप केलंय म्हटलंय, थिअरीत गटानुसार पिडणारा आणि पीडित ठरतो, आणि क्षमेला जागा कुठे तेच कळत नाही. पण पाप फक्त माणसाच्या मनात असतं, व्यवस्थेत नसतं, असंही बायबल म्हणत नाही. त्यातला संदेष्टा आमोस न्यायालयातल्या लाचेवर आणि खोट्या मापांवर तुटून पडतो. प्रेषितांची कृत्ये 6 मधे ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं गेलं, तर प्रेषितांनी नुसतं 'मनं सुधारा' नाही सांगितलं, वाटपासाठी सात माणसं नेमली, आणि सातही नावं ग्रीक! माझ्या मते हा दाखला दोन्ही बाजू पुरेसा वापरत नाहीत.

जुनं उत्तर सुरुवातीच्या चर्चचा विचारवंत ऑगस्टीन याचं: इस्राएल लोकांनी मिसरातून (इजिप्तमधून) सोनं आणलं तसं परक्यांचं ज्ञानही घ्यावं. पण पुढे त्यांनी देव म्हणून पुजलेलं वासरू पण त्याच सोन्याचं झालं ना.

आपल्याकडे हा प्रश्न जातीवरून आला. अरविंद निर्मळ यांनी 1981 मधे बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधे शूद्र थिऑलॉजी (शूद्रांच्या बाजूने ख्रिस्ती धर्मविचार) मांडली, तीच पुढे दलित थिऑलॉजी झाली. ब्राह्मणी वळणाची भारतीय ख्रिस्ती मांडणी त्यांना चालली नाही, आणि जात न दिसणारं मार्क्सवादी वर्गविश्लेषणही नाही. त्यांनी धरला बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 26 वा अध्याय, जिथे गुलामीतून सुटलेले लोक म्हणतात, माझा पूर्वज भटका अरामी होता.